८२ प्रती

आपल्या घरात एकाच पुस्तकाच्या दोन प्रती निघाल्या, की त्यातली एक पुढच्या मुंजीत आहेर म्हणून खपते. वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीत एकाच पुस्तकाच्या ८२ प्रती आहेत. मंद उजेडात, काचेआड, आडव्या निजवलेल्या. त्यांच्यासमोर उभं राहिलं की उदात्त विचार वगैरे काही येत नाहीत. आधी प्रश्न पडतो, एवढ्यांचं करायचं काय?

पुस्तक म्हणजे ‘फर्स्ट फोलिओ’. शेक्सपिअर गेल्यावर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याच्या नाटक कंपनीतल्या दोघा सोबत्यांनी त्याची ३६ नाटकं एकत्र छापवून घेतली. त्यातली निम्मी तोवर छापलीच गेली नव्हती. ‘मॅकबेथ’ त्यातलंच. दोघांनी आळस केला असता, तर लेडी मॅकबेथवर हात धूत बसायची पाळीच आली नसती. आज जगभरात अडीचशेहून कमी प्रती उरल्या आहेत.

त्या गोळा करणारा हेन्री फोल्जर तेलाच्या धंद्यातला, स्टँडर्ड ऑइल कंपनीतला. १८८९ मध्ये लिलावात त्याने नंतरच्या आवृत्तीचा एक जुना फोलिओ घेतला, तोही पैसे द्यायला मुदत मागून. पुढे पैसा आला, पण नवरा-बायको ब्रुकलिनमध्ये भाड्याच्या घरातच राहिले आणि पुस्तकं खोक्यांत भरून गोदामांत. बायको, एमिली, यादी ठेवायची. (नवऱ्याच्या पुस्तकांची यादी ठेवणारी बायको! प्रतीपेक्षा ही गोष्ट दुर्मीळ.) ग्रंथालयाची पायाभरणी झाल्यावर दोन आठवड्यांतच, १९३० मध्ये, हेन्री वारला. १९३२ मध्ये दार उघडलं. दोघांची रक्षा जुन्या वाचनकक्षाच्या भिंतीत आहे; पुस्तकांपासून दूर जायला दोघंही तयार नसावेत.

वाचकाला इथे पेन्सिल चालते, पेन नाही. पुस्तक फोमच्या उतरत्या पाटावर ठेवायचं. सिनेमात दाखवतात ते पांढरे हातमोजे बहुतेक वेळा लागतच नाहीत, कारण मोज्यातल्या बोटाला कागद कळत नाही आणि पान फाटतं. धुऊन कोरडे केलेले हात पुरतात. आणि दुपारी तीनला वाचकांनी उठून चहाला जायचं, अशी इथली जुनी रीत. संशोधन नीट चालतं ते यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

तर ८२ प्रतींचं करायचं काय? चार्ल्टन हिनमन या प्राध्यापकाने त्यातल्या पन्नासहून अधिक प्रती पानाला पान लावून ताडल्या. त्यासाठी दिवे आणि आरसे बसवलेलं यंत्रच बनवलं. दोन प्रतींतलं तेच पान एकावर एक दिसायचं आणि जिथे फरक असेल तिथे अक्षर लुकलुकायचं. फोलिओच्या काळी छपाई चालू असतानाच चुका दुरुस्त होत, पण आधी निघालेले कागद कोण फेकणार? कागद महाग. चुकीचे, बरोबर सगळे एकत्रच बांधले गेले. त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या मिळणं मुश्कील. खिळे जुळवणाऱ्यांच्या लकबीही हिनमनने ओळखल्या. त्यात एक शिकाऊ पोरगा सापडला. त्याच्या वाट्याला मुख्यतः शोकांतिका आल्या होत्या आणि चुका तर ढीगभर. मालकाची बोलणी त्याने तेव्हाच खाल्ली असतील. जगप्रसिद्ध व्हायला मात्र ३४० वर्षं लागली.

८२ वरही फोल्जरचं समाधान होणार नव्हतं. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने आपला फर्स्ट फोलिओ, नवी आवृत्ती आली म्हणून, सतराव्या शतकातच जास्तीचा समजून काढून टाकला होता. १९०५ मध्ये तोच फिरून दारात आला. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची पानं विद्यार्थ्यांच्या हाताळण्याने सर्वांत झिजलेली! फोल्जरने त्याला ३००० पौंड देऊ केले. बोडलियनने लाजेकाजेस्तव वर्गणी काढली आणि तेवढीच रक्कम उभी करून १९०६ मध्ये आपलं पुस्तक परत घेतलं. नाहीतर आकडा ८३ झाला असता.