बटनाचा हिशेब मागा

ऑक्टोबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय (डीआरआय) आणि अहमदाबादच्या गुन्हे शाखेनं आपल्या छत्रपती संभाजीनगरात आणि पैठण एमआयडीसीत छापे घातले. कोकेन, मेफेड्रोन, केटामाइन मिळून 250 कोटींहून जास्त किमतीचा माल सापडला. कारवाई मोठीच होती, ती करणाऱ्यांचं कौतुकही आहे. पण आपल्या वस्त्यांतल्या पोरांच्या खिशात कोकेन नसतं. तिथं बटन असतं.

बटन म्हणजे नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम. झोप उडालेल्याला, जीव घाबरणाऱ्याला डॉक्टर लिहून देतात त्याच गोळ्या. त्या परवाना असलेल्या कंपनीत बनतात, पाकिटावर बॅच नंबर छापलेला असतो. म्हणजे कोकेनपेक्षा यांचा माग काढणं सोपं. 1 मार्च 2014 पासून त्या ‘एच-1’ यादीत आहेत: चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, विकल्या की डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, गोळ्या किती, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर 3 वर्षं जपायचं. मग पोरगा पकडला, पाकिटांसोबत फोटो छापून आला, की तपास तिथंच का थांबतो? बॅच नंबर धरून दुकानापर्यंत, तिथून घाऊक व्यापाऱ्यापर्यंत जा. अन्न व औषध प्रशासनानं दर महिन्याला किती रजिस्टरं तपासली, किती परवाने रोखले, हे शहराला सांगावं. हा आपला हक्क आहे.

दुसरं बोलायचंय ते आईबापांशी. पोराला बटनाची सवय आहे हे कळलं की घरात पहिली गोष्ट होते ती खोलीला बाहेरून कडी घालण्याची. “चार दिवस कोंडला की सुटेल.” कृपा करून हे करू नका. रोज गोळी घेणाऱ्याचा मेंदू त्या गोळीच्या आधारावर चालू लागतो. ती एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, झोप जाते, भास होतात, झटके येतात. त्यात जीवही जाऊ शकतो. गोळीसोबत दारू असेल तर धोका उलट बाजूनं: श्वासच मंद होत जातो. झोपलाय म्हणून पडू द्यायचं नाही, हलवून उठत नसेल तर तडक दवाखाना.

ही सवय डॉक्टर हळूहळू, मात्रा कमी करत सोडवतात. घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पोलिसांची भीती वाटत असेल तर एवढं ठाऊक असू द्या: अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनीला, माल अल्प प्रमाणात असेल आणि उपचार पुरे केले, तर खटल्यापासून संरक्षण देतं. डॉक्टरकडे जाताना रिकामी पाकिटं फेकू नका, सोबत न्या. कोणती गोळी, दिवसाला किती, हे डॉक्टरला पहिल्याच भेटीत कळायला हवं.