एकच दवाखाना धरून बसण्याचं वेड

एकच डॉक्टर धरून बसणं हा हल्ली वेडेपणा समजला जातो. गुडघ्याला एक, पोटाला दुसरा, साखरेला तिसरा. सर्दी-खोकल्याला मेडिकलवाला, आणि जरा जास्त वाटलं की सकाळच्या गाडीने थेट पुणं. आमच्या नगरात (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) ‘आमचे नेहमीचे डॉक्टर’ असं कुणी म्हणालं की लोकांना तो माणूस मागे राहिलेला वाटतो. मला त्या मागे राहिलेल्या माणसाची स्तुती करायची आहे. त्याचं वेड मी तीन वर्षांपूर्वी जाणूनबुजून लावून घेतलं.

निमित्त आईच्या पिशवीचं. पुण्याहून घरी परत राहायला आलो आणि तिची औषधांची पिशवी गादीवर उलटी केली. सात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या दोघांनी बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी लिहिली होती आणि आई दोन्ही घेत होती. उठताना चक्कर येते म्हणून तिसऱ्याने चक्करेची गोळी दिली होती. सातही जण शिकलेले. चूक एकाचीही म्हणता येत नाही. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघणारं मात्र कुणीच नव्हतं.

मग मी सावेडीतल्या एका साध्या दवाखान्यात गेलो. पाटीवर एमबीबीएस, बाहेर लाकडी बाक, आत कुटुंबाच्या नंबराने लावलेले केसपेपर. माझा नंबर आला.

“काय होतंय?”

“काही होत नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“तुम्ही आमचे डॉक्टर व्हाल का, विचारायला आलोय. आई, मी, बायको, मुलगी. चौघं.”

ते क्षणभर बघत राहिले आणि मग नवं कार्ड काढलं. वडील कशाने गेले, मामांना साखर होती का, घरात तंबाखू कोण खातं, आई रात्री किती वेळा उठते, असं अर्धा तास विचारत होते. बाहेर बाकावरची माणसं कुरकुरत होती. धडधाकट माणसाने दवाखान्यात अर्धा तास बसणं त्यांना खुळेपणाचं वाटलं असणार. पण बीपी आणि साखर ही दुखणी सांगून येत नाहीत. दुखेल तेव्हा जाऊ म्हणणाऱ्याची गाठ त्यांच्याशी फार उशिरा पडते.

दुखण्याची वाट न बघण्याच्या या वेडाची मोठी परंपरा आमच्याच जिल्ह्यात आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं. दोघं वेल्लोरला शिकले, आधी जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले. एवढं करून १९७० साली येऊन राहिले कुठे, तर दुष्काळी जामखेडला. पहिला दवाखाना गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. वडाळ्याला त्यांनी पाहिलं होतं की बरा होऊन गेलेला माणूस तेच दुखणं घेऊन परत येतो, कारण घरचं पाणी तेच आणि उपासमारही तीच. म्हणून ते आजाऱ्याची वाट बघत बसले नाहीत, गावांत गेले. तिथे पोरांशी व्हॉलीबॉल खेळत ओळखी केल्या आणि त्यातून शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली.

त्याहून मोठं वेड पुढे केलं. गावात नेमलेल्या बाहेरच्या नर्स रुजेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. पुष्कळ जणी निरक्षर, पुष्कळ दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, परत जाऊन घरोघर फिरायचं. कोण गरोदर आहे, कुणाचं पोर वाळत चाललंय, कुणाच्या अंगावर बधिर चट्टा आहे, हे त्या बाईला ठाऊक असे, कारण ती तिथेच राहायची. सुरुवातीला या भागात हजारी १७६ अर्भकं वर्षाच्या आत दगावत होती. पंचवीसेक वर्षांत तो आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र पुरस्कारापेक्षा ती शेजारीण मोठी वाटते, जिला दारातून आत येताच कळायचं की आज या घरात काहीतरी बिनसलंय. डॉक्टर आपल्या ओळखीचा असावा म्हणतात ते याचसाठी.

नॉर्वेने २००१ पासून प्रत्येक नागरिकाला नावानिशी एक डॉक्टर दिला. पुढे तिथल्या संशोधकांनी लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या. पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच डॉक्टरकडे राहिलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, वर्षभराचीच ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघालं. तातडीने दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाणही कमी होतं. सगळं श्रेय ओळखीचंच, असं अशा नोंदींवरून सिद्ध होत नाही. पण जितकी जुनी ओळख तितका फरक वाढत गेलेला दिसतो. हे कळल्यावर मला बाकावरच्या कुरकुरीचं काही वाटेनासं झालं.

या वेडाला साजेसा डॉक्टर ओळखायचा कसा, हे मला पुष्कळ जण विचारतात. तो उठसूट सुई टोचत नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावात ‘एक सलाईन लावा, तरतरी येईल’ असं पेशंटच सांगतो, आणि नाही म्हणणाऱ्याचा पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो. आमचे डॉक्टर मुलीच्या तापाला म्हणाले, “व्हायरल वाटतोय. पाणी पाजा, लघवी होतेय ना बघा, तीन दिवसांत उतरला नाही किंवा पोर मलूल झालं तर लगेच आणा.” गोळी एक, तापाची. त्या दिवशी त्यांना माझ्याकडून फार थोडे पैसे मिळाले. असा डॉक्टर सापडला तर धरून ठेवावा. जुने कागद, चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, आयुर्वेदिक काढेसुद्धा, एकाच पिशवीत घालून त्याच्यापुढे ठेवावेत. त्याच्यापासून लपवू नये. मोठ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर त्याच्याच चिठ्ठीने जावं आणि परत येऊन त्याला सांगावं.

दुसऱ्या खेपेला आईला नेलं. दोनातली एक गोळी बंद झाली, चक्करेचीही बंद झाली. मग डॉक्टर म्हणाले, “मावशी, चपला काढा.” आई संकोचली. साखरेची गोळी ती बारा वर्षं खात होती, पण पाय कुणी मागितला नव्हता. डॉक्टर स्टुलावरून खाली वाकले, तिचं पाऊल हातात घेतलं आणि एक जाडसर नायलॉनचा दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवत विचारत गेले, “इथे कळतंय? इथे?” आई डोळे मिटून हो, हो म्हणत होती. अंगठ्यापाशी तिने काहीच उत्तर दिलं नाही. डॉक्टरांनी दोरा पुन्हा टेकवला. आई गप्पच.

त्यांनी बोटांची बेचकी अलगद उघडली. आत तांदळाएवढी जखम होती.

“कधीपासून?”

“कशाची?” आईने विचारलं.

डॉक्टरांनी ती पुसली, पट्टी बांधली आणि कार्डावर तारीख घातली. “मंगळवारी या. बरी होईस्तोवर दर मंगळवारी.”