परसातला घोळ

मराठीत घोळाला तोटा नाही. नऊवारीला घोळ असतो, समुद्रात घोळ मासा असतो, गोड बोलून एखाद्याला घोळात घेता येतं, आणि सातबाऱ्यावर तर तो कुणी घालावा लागत नाही, आपसूक पडतो. या सगळ्या गोतावळ्यात गरीब म्हणजे घोळाची भाजी. लालसर देठ, नखाएवढी जाड पानं, चव आंबटसर-खारट. संस्कृतात हिला लोणिका म्हणतात, नावातच लवण. उन्हाळ्यात विदर्भातले लोक जिच्यावर जीव टाकतात ती चिवळ हिची धाकटी बहीण, आणि कुंडीत उन्हाबरोबर फुलून दुपारनंतर मिटणारं ‘ऑफिस टाइम’ ही नटवी चुलत बहीण.

निवृत्तीनंतर शिरोळ तालुक्यातल्या घरी आलो आणि परसात भाजीपाला करायचं मनानं घेतलं. परस म्हणजे दोन गुंठे, आणि त्यावर पिठाची चाळण झाडल्यासारखा पांढरा थर. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, कमरेवर हात ठेवून म्हणाले, “मीठ फुटलंय. अरं, उसाला आम्ही लेकरागत पाणी पाजलं. पोट बिघडलं जमिनीचं, दुसरं काय!” निदान अचूक होतं. काळी चिकण माती, निचरा नाही, वर पाटाचं नि उपशाचं पाणी वर्षानुवर्षं. खालची पाणीपातळी चढत येते, पाणी उन्हानं उडून जातं, आणि क्षार तेवढे मागे राहतात. कृष्णाकाठची कितीतरी उत्तम जमीन अशीच लाडानं गेली.

माती तपासून घेतली. संपृक्त अर्काची विद्युतवाहकता साडेपाच डेसिसायमन. चारच्या वर गेलं की जमीन क्षारयुक्त धरतात. तो कागद मी रक्तदाबाच्या रिपोर्टसारखा घडी करून खिशात ठेवला आणि तक्ते चाळले. घेवडा 1 च्या पुढे कुरकुरायला लागतो, ऊस 1.7 च्या पुढे. घोळ मात्र 6.3 पर्यंत तक्रार करत नाही. ठरलं, घोळच लावायची.

तात्या हसले, ते अजून हसतायत. “घोळ लावायची? आम्ही जन्मभर ती उपटली!”

पण मी शिकलेला माणूस. परसात नको, आधी कुंड्यांत रोपं करू म्हणून गांडूळखत आणलं, बी बोटभर खोल पेरलं, सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घातलं. पंधरा दिवस काही नाही. मग वाचलं, की या बियांना रुजायला उजेड लागतो. मातीवर नुसतं भुरभुरवायचं असतं. दुसऱ्या खेपेला उगवली, आणि माझ्या झारीनं तिसऱ्या आठवड्यात देठाशी कुजली. वैतागून कुंड्या परसाच्या कोपऱ्यात, त्या पांढऱ्या पिठावर, उपड्या केल्या आणि लेकीकडे पुण्याला निघून गेलो.

महिन्यानं परतलो तर कोपरा हिरवागार.

हे झाड दिवसा उसाच्याच रीतीनं साखर रांधतं, आणि पाणी आटलं की निवडुंगाची रीत धरतं: पानांची भोकं दिवसा मिटायची, रात्री उघडायची आणि रात्रीची हवा आम्लाच्या रूपात साठवून ठेवायची. म्हणून ताणावरची घोळ पहाटे तोडली तर जास्त आंबट लागते. मी दोन्ही वेळा चाखून पाहिली; सकाळच्या पानानं डोळा मिटला. खार ती पानांतच कोंडून ठेवते. म्हणजे भाजी तोडली की जमिनीतलं थोडं मीठ ताटात येतं. आमच्या परसाला त्या वेगानं गोडी यायला माझ्या नातवंडांना बराच वरणभात जेवावा लागेल. तात्यांनी शेतात सच्छिद्र पाइप पुरलेत, खरा उपाय तो.

फोडणीला लसूण जास्त, भिजवलेली मूगडाळ मूठभर आणि मीठ निम्मं. ताकातलीही छान होते. मुतखड्याचा त्रास असलेल्यानं मात्र जपून. ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. थोरो अमेरिकेतल्या आपल्या तळ्याकाठी हीच भाजी उकडून, मीठ घालून जेवला आणि तसं त्यानं 1854 साली ‘वॉल्डन’मध्ये छापलं. त्याच्या मातीत मीठ नसावं बहुधा.

बोंडं मात्र पाहत बसावीत अशी. कुंकवाच्या करंड्यासारखं वरचं झाकण निघतं आणि आत काळं, मोहरीहूनही बारीक बी खच्चून भरलेलं. उपटून टाकलेल्या झाडातही ते पिकतं, आणि देठ ओल्या मातीत पडला तर पुन्हा मुळं धरतो. हे मला कळलं तेव्हा मागच्या आठवड्यातली जून जुडी मी कुंपणावरून तात्यांच्या लागणीत भिरकावून झाली होती.

परवा तात्या चहाला आले. म्हणाले, “यंदा सरीत घोळ कुठनं आली कळंना बघ.” मी त्यांना साखर किती घालू ते विचारलं.