आधी कागद दाखवा!

धुळ्याच्या आग्रा रोडवर एका कटिंग चहात घुसखोरांबद्दलचं धोरण ठरतं: ‘कागद नाही, त्याला हाकला!’ ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेने कागदांविना राहणाऱ्या १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडलं. त्यात तिघे महाराष्ट्रातले. तेव्हा हेच धोरणकर्ते कळवळले: ‘पोटासाठी गेली होती हो पोरं!’ म्हणजे पोट फक्त आपल्या माणसाला असतं. बाकीच्यांना नुसता डाव असतो.

परका माणूस ओळखण्यात तर जमावाचा हात कोणी धरू शकत नाही. १ जुलै २०१८ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, याच देशाचे नागरिक.