मध्ये वजा, बाहेर अधिक

"61 पट्ट्यांचा कीबोर्ड, एकदम चालू कंडिशन, मुलगा बाहेरगावी शिकायला गेल्याने विकणे. अडॅप्टर नाही."

अडॅप्टर नाही, तर कीबोर्ड चालू आहे हे कशावरून कळलं? असं विचारायचं नसतं. विचारलं तर विकणारे गृहस्थ दुखावतात. "अहो, लावला होता तेव्हा झकास वाजत होता." तेव्हा म्हणजे कधी, ते सांगत नाहीत. मग अडॅप्टर गेला कुठे? "असेल हो कुठेतरी. पण त्याचं काय एवढं, कुठेही मिळतो."

तर कुठेही मिळणाऱ्या ह्या वस्तूच्या शोधात आम्ही आहोत.

कीबोर्डच्या पाठीमागे एक गोल भोक असतं. त्याच्या शेजारी, कुठला अडॅप्टर लावायचा ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं म्हणजे उठवलेलं. काळ्या प्लास्टिकवर, त्याच काळ्या प्लास्टिकची, जेमतेम दोन मिलिमीटर उंचीची अक्षरं. ती वाचायची तर कीबोर्ड पालथा घालायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरायचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून पाहायचा. आता हाच कीबोर्ड सुलटा करा. पुढच्या बाजूला कंपनीचं नाव, पांढऱ्या शाईत, हॉलच्या शेवटच्या रांगेतून वाचता येईल एवढं. त्याखाली शंभर आवाजांची यादी, तीही पांढऱ्या शाईत. बँजो, शिट्टी, समुद्राच्या लाटा, कुत्र्याचं भुंकणं. म्हणजे पांढरी शाई कारखान्यात होती. कुत्र्याच्या भुंकण्यासाठी ती काढली गेली. जी खूण चुकीची वाचली तर कुत्र्यासकट सगळा वाद्यवृंद कायमचा गप्प होईल, तिच्यापर्यंत येईतो शाई संपली.

ती खूण म्हणजे एक टिंब, त्याच्याभोवती अर्धवट वर्तुळ, आणि दोन्हीकडे रेघ ओढून एकीला अधिक, दुसरीला वजा. आमच्या कीबोर्डाचं म्हणणं, मध्ये वजा, बाहेर अधिक. जगातले बहुतेक अडॅप्टर म्हणतात, मध्ये अधिक, बाहेर वजा. दोघांच्या पिना बाहेरून दिसायला तंतोतंत सारख्या. कुठलीही कुठेही विनातक्रार आत जाते.

आता माळ्यावरची पिशवी. प्रत्येक मराठी घरात ती असते. मोडेम गेले, कॉर्डलेस फोन गेले, मुलांचे खेळ भंगारात गेले. त्यांचे अडॅप्टर मात्र 'कधीतरी लागेल' ह्या एका वाक्यावर जिवंत आहेत. ते कधीतरी उजाडतं, पिशवी खाली उतरते आणि पत्रिका जुळवणं सुरू होतं. पहिलं स्थळ राउटरचं. 12 व्होल्ट. नको, मुलगी 9 व्होल्टची, तिला झेपायचं नाही. दुसरं 5 व्होल्टचं. त्याच्याच्याने संसार सुरूच व्हायचा नाही. तिसरं जुन्या मोडेमचं, बरोबर 9 व्होल्ट! लगबगीने त्याला पाट मांडला जातो. मुलीला हवेत 850 मिलिअँपिअर, मुलगा 1 अँपिअरचा. कमाई गरजेपेक्षा थोडी जास्त, तर त्याला कोण नको म्हणतंय. वस्तू लागेल तेवढाच करंट ओढते. पिनेची जाडी साडेपाच मिलिमीटर, तीही जुळली. आतलं भोक 2.1 मिलिमीटरचं की 2.5चं, हे डोळ्यांना दिसत नाही, लग्नानंतर कळतं, 2.5 निघालं तर पिन सैल बसते आणि भूप वाजवताना मध्येच गंधार गायब होतो. पण तेवढं चालवून घ्यायची आपली तयारी असते. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले. राहिले आठ, ते नाडीचे. आणि नाडी उलटी. लग्नात ह्याला शांत असते, गुरुजी दक्षिणा घेऊन दोष घालवतात. इथे दुर्लक्ष केलंत तर अक्षता पडण्याआधी मांडवातून धूर निघतो. तो निघू नये म्हणून आत एक-दोन रुपयांचा डायोड घालता येतो. काही कंपन्यांनी घातलेला असतो, काहींनी वाचवलेला.

म्हणून मग बुधवार पेठ, पासोड्या विठोबाचा परिसर.

"9 व्होल्टचा अडॅप्टर आहे का? मध्ये वजा हवा."

"हा घ्या. 12 व्होल्ट, 2 अँपिअर. सगळ्याला चालतो."

"पण मला 9 हवा. आणि हा मध्ये अधिक आहे."

"साहेब, असं काय नसतं. वस्तू घेऊन या, लावून बघू."

वस्तू तीन फूट लांब. ती स्कूटरवर आडवी धरून लक्ष्मी रस्त्याने आणायची, आणि मग हे गृहस्थ तिला 12 व्होल्ट उलटे लावून बघणार. ऑनलाइन जावं तर तिथे 'सर्व मॉडेलसाठी योग्य' असं लिहिलेला अडॅप्टर असतो. खाली एकाने विचारलेलं असतं, माझ्या कीबोर्डला चालेल का? त्यावर कुणी सज्जनाने वेळ काढून उत्तर दिलेलं असतं, 'सांगता येत नाही, मी भाच्याला भेट दिला.'

एके काळी आपल्याकडे एलिमिनेटर मिळायचा. विटेएवढा, तापायचा, गुणगुणायचा. पण त्याला एक चावी असायची. 3, 4.5, 6, 7.5, 9, 12, हवा तो व्होल्ट फिरवून घ्या. बऱ्याच एलिमिनेटरांची पिन उलटी लावायचीही सोय होती, म्हणजे नाडीचा प्रश्नच मिटला. टेपरेकॉर्डर, रेडिओ, सगळी बिऱ्हाडं त्या एकावर चालली. मग प्रगती झाली आणि प्रत्येक डबीला तिचा स्वतंत्र अडॅप्टर आला. युरोपात मोबाईलवाल्यांचे कान कायद्याने धरले, तेव्हा कुठे 2024च्या अखेरीपासून ते सी-टाइपच्या एका भोकावर आले. कीबोर्डांचे, की आणखी शेकडो डब्यांचे, कान धरायला कुणाला सवड आहे?

आणि राग ह्याचा येतो की दुरुस्ती किरकोळ आहे. गल्लीच्या टोकाला जिन्याखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिकने तो मोडेमचा अडॅप्टर घेतला, वायर मध्येच कापली, दोन तारांची अदलाबदल करून डाग दिला, वर टेप गुंडाळली आणि मीटर लावून दाखवला. मध्ये वजा. एक चहा थंड व्हायच्या आत. दोन तारा इकडच्या तिकडे, एवढाच सगळा फरक! आणि एवढ्यासाठी कंपनी माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत, चौकटीत, डझनभर भाषांत बजावते की आमचाच अडॅप्टर वापरा, दुसरा लावलात तर नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. बरं, तुमचाच द्या. तो बनवणं बंद केलं. मग जबाबदार कोण? वस्तू वीस वर्षं टिकते आणि तिचं दाणापाणी पाच वर्षांत बंद होतं, ह्याला निष्काळजीपणा म्हणत नाहीत, नवी वस्तू विकणं म्हणतात. चौकटीतली धमकी छापायला शाई आहे, पुस्तिकेत ती पानोपानी आहे. भोकाशेजारच्या त्या वजाबाकीच्या खुणेला मात्र थेंबभर नाही. तिथे रंग लावायला किती खर्च येतो? कुठल्याही खात्याने नियम करावा, एक ओळीचा: जे वाचलं नाही तर वस्तू जळते, ते वाचता येईल असं छापा.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर वाचकहो, येत्या रविवारी माळ्यावरची पिशवी उतरवा. प्रत्येक अडॅप्टरला पांढरी चिकटपट्टी लावा आणि तो कुठल्या वस्तूचा, ते बॉलपेनने लिहा. व्होल्ट लिहा. मध्ये अधिक की वजा, तेही लिहा. वस्तू विकलीत किंवा कुणाला दिलीत, तर तो अडॅप्टर तिच्याबरोबर पाठवा. हवे तर वेगळे पैसे घ्या. चिकटपट्टी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते.