हिरवळीचे जलव्यवस्थापन

बंगल्यापुढील हिरवळ हे कापून फेकून देण्यासाठीच वाढवले जाणारे पीक असल्याने, तिला पाणी देण्याच्या साधनांची निवड घरमालक जावई शोधण्याइतक्या चोखंदळपणे करतात. पुण्यात मे महिन्यात १०० चौरस मीटर हिरवळीला रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे, तर एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर या हिशेबाने ५०० लिटर पाणी लागते. शहरी पाणीपुरवठ्याच्या माणशी दररोज १३५ लिटर या मानकानुसार हा जवळजवळ चौघांचा वाटा होय, मात्र त्या चौघांची नावे शिधापत्रिकेवर नसतात.

तुषार संच, म्हणजे दाबाखालील पाणी फिरत्या तोटीतून पावसासारखे उडवणारे साधन, काटकसरीसाठी विकत घेतला जातो आणि भर दुपारी चालवला जातो, त्यामुळे काही पाणी हवेत विरते व काही फरशीवर पडून गाडीची चाके धुते. ठरल्या वेळी झडप उघडणारा टायमर जुलैच्या मुसळधार पावसातही नेमाने कर्तव्य बजावतो, कारण पाऊस ओळखून त्याला थांबवणारा संवेदक ‘उगाच खर्च’ म्हणून वगळलेला असतो.

वास्तविक हिरवळीवर सरळ काठाचे चार-पाच रिकामे डबे ठेवून १५ मिनिटांत किती पाणी साचते ते पट्टीने मोजले, आणि काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते म्हणून ते पहाटे दोन हप्त्यांत दिले, तर साध्या फवाऱ्यानेही भागते. परंतु रिकामा डबा पाहुण्यांना कौतुकाने दाखवता येत नाही, ही त्या उपकरणाची गंभीर उणीव मानली जाते.