काळवीट आणि प्रवाळ

दिवाळी झाली की नगर जिल्ह्यातून मालवणला गाड्या सुटतात. रात्रभर प्रवास, सकाळी तारकर्लीत चहा, दुपारच्या आत स्कुबा. विहिरीत पोहायला शिकलेली राहुरी-संगमनेरची पोरं सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रात उतरतात. उतरावंच. आपल्या जिल्ह्याला किनारा नाही. ज्यानं खालचं जग एकदा डोळ्यांनी पाहिलं, तो समुद्राबद्दल वेगळं बोलतो.

तक्रार आहे ती खाली गेल्यावर जे चालतं त्याची. पाठीवर सिलेंडर, मागून गाईडनं धरलेलं, समोर कॅमेरा आणि हातात पाव. पाव कुस्करला की काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे तोंडावर झेपावतात, व्हिडिओ झकास होतो. आपले पाय कशावर टेकलेत, हे कुणी बघत नाही. ते अनेकदा जिवंत प्रवाळावर टेकलेले असतात.

प्रवाळ दिसतं दगडासारखं, पण ती काही मिलिमीटरच्या प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. बरंचसं अन्न ते पुरवतं, रंगही बराचसा त्याचाच. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. टाचेखाली मोडलेला तुकडा तिथं पुन्हा उभा राहीपर्यंत तो मोडणाऱ्याची पोरं कॉलेजात गेलेली असतील. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर पसरलेलं असं चौथं विरंजन जाहीर केलं. तापलेला समुद्र नगरहून थंड करता येणार नाही. पाव आणि पाय मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत.

पावानं काय बिघडतं? खडकावरचं शैवाल आणि पाण्यातले बारीक जीव हे या माशांचं खाणं. त्यांना माणसाच्या हाताची सवय लागते, धीट जाती गर्दी करतात आणि बुजऱ्या जाती मागे सरतात. पाहुण्याला दिसतो तो समुद्र नसतो, पावाला जमलेली गर्दी असते.

आता कायदा. मालवणचा 29.12 चौरस किलोमीटरचा पट्टा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच अनुसूचीत आपला काळवीट आहे. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं, 1980 सालचं. तिथं कुणी काळविटाला पाव चारला, फोटोसाठी त्याच्या पाठीवर पाय दिला, तर गावकरीच त्याला धरून वनखात्याकडे नेतील. तोच माणूस मालवणात प्रवाळावर उभा राहतो आणि गावी येऊन व्हिडिओ दाखवतो. आपण कौतुक करतो!

आपल्याला तरी हे कळायला हवं. माळढोक अभयारण्याची हद्द कर्जत, श्रीगोंदा, नेवाशापर्यंत होती. हद्द कागदावर आली, पण माळावरचा पक्षी दिसेनासा झाला. नुसत्या अधिसूचनेनं काही वाचत नाही, हे या जिल्ह्यानं पाहिलंय.

मालवणच्या गाईडवर सगळं ढकलू नका. त्यांतले पुष्कळ मच्छीमारांच्या घरातले. समुद्र त्यांना आपल्यापेक्षा शंभरपट कळतो. पाव ते आणतात कारण गिऱ्हाईक मासे मागतं, तेही दहा-पंधरा मिनिटांत, कॅमेऱ्यासमोर. ही मागणी आपली आहे. पैसे ठरवतानाच सांगा की पाव नको. पाच मिनिटं तरंगायला शिकवा, मग खाली न्या, असंही सांगा. त्या पाच मिनिटांचे जास्त पैसे मागितले तर आनंदानं द्या.

सरकारकडे मागणं एकच. निवती रॉकजवळ नौदलाचं निवृत्त जहाज गुलदार तळाशी ठेवून पर्यटन आणि कृत्रिम प्रवाळ उभं करण्याची योजना आखली आहे. चांगली कल्पना, पर्यटक तिकडे वळले तर खऱ्या प्रवाळावरचा भार हलका होईल. पण जिवंत प्रवाळावर रोज नांगर पडू नयेत म्हणून स्कुबाच्या प्रत्येक जागी होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये हवेत. जहाजाच्या मानानं त्यांचा खर्च किरकोळ. पावसाळ्यानंतर स्कुबा पुन्हा सुरू होण्याआधी ते पाण्यात पडले पाहिजेत.